चालवून दाखवतो

जुनं प्लगइन नव्या विंडोजवर चालेल का, हा प्रश्न कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पोराला विचारा. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणेल, ‘‘नाही चालणार काका, नवीन घ्या.’’ काय नवीन घ्यायचं ते सांगत नाही. सगळंच, असा एकूण भाव असतो.

हाच प्रश्न तात्यांना विचारा. तात्या चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाला पुसतात, पुन्हा चढवतात आणि उलटतपासणी सुरू करतात. ‘‘कुठलं प्लगइन? कुठलं विंडोज? बत्तीस बिट की चौसष्ट? ब्राउझर कुठला?’’ आपल्याला यातलं काही ठाऊक नसतं. आपण चाचरत सांगतो, ‘‘ते माहीत नाही तात्या, पण चौकोन काळा दिसतो आणि कसलीशी पिवळी पट्टी येते.’’ पिवळी पट्टी म्हटल्याबरोबर तात्यांच्या चेहऱ्यावर तेज चढतं.

‘‘पट्टी येते ना? मग चालतं. चालवून दाखवतो.’’

आमचे तात्या डोंबिवली पूर्वेचे. पण प्रत्येक गावात, प्रत्येक उपनगरात एक तात्या असतोच. ठाण्यात असतो, नाशकात असतो, सांगलीत तर दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. वय पासष्टच्या पुढे. नोकरी कुठल्याशा कारखान्याच्या ईडीपी विभागात झालेली. ‘ईडीपी’ म्हटल्यावर ज्यांना उलगडा होत नाही त्यांच्याशी तात्या पुढे फार बोलत नाहीत. निवृत्तीनंतर काय करायचं हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण निवृत्त झालेली सॉफ्टवेअरं त्यांच्याच आसऱ्याला येऊन राहिली. स्कूटरच्या किल्लीला एक पेनड्राइव्ह लटकवलेला असतो. त्यात जावा ६ अपडेट ४५, जावा ७ अपडेट ५१, जावा ७ अपडेट ८०, असे फोल्डर ओळीनं. मध्येच ‘हे वापरू नये’ नावाचा एक फोल्डर आहे. सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो.

तात्यांचं तत्त्वज्ञान एका ओळीचं आहे. यंत्र बंद पडत नसतं, बंद पाडतात. कोण पाडतं, हे विचारलंत तर चहा गार होईपर्यंत सुटका नाही, आणि गंमत म्हणजे त्यांचं बरंचसं बरोबर असतं. लोक विंडोजला शिव्या घालतात. नवीन विंडोज टाकलं आणि सगळं बिघडलं, असं आपण म्हणतो. तात्या तर्जनी हलवतात. ‘‘विंडोजचा काही दोष नाही. वीस-वीस वर्षांपूर्वीचे कितीतरी प्रोग्राम आजही त्यावर सुखानं चालतात. दार लावलंय ते ब्राउझरनं.’’

आणि मग इतिहास येतो. प्लगइन म्हणजे ब्राउझरच्या घरात ठेवलेला पोटभाडेकरू. १९९६ च्या सुमारास नेटस्केप नॅव्हिगेटरनं आपल्या दुसऱ्या आवृत्तीत ही खोली काढून दिली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ॲक्टिव्हएक्सची वेगळी खोली बांधली. ब्राउझरला स्वतःला तेव्हा चित्र दाखवण्यापलीकडे फारसं काही येत नव्हतं. व्हिडिओ दाखव म्हटलं की भाडेकरूला हाक, खेळ दाखव म्हटलं की भाडेकरूला हाक, बँकेची सही कर म्हटलं की पुन्हा तोच. पण या भाडेकरूकडे मालकाच्या सगळ्या चाव्या असत. कपाट उघडायला तो कोणाला विचारत नसे. चोरांनी घरात शिरायला हाच रस्ता धरला आणि फ्लॅश व जावा यांची नावं बदनाम झाली. शेवटी मालकांनी एकामागून एक जागा खाली करून घेतल्या. क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये ती जुनी पद्धत पार काढून टाकली. फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये फ्लॅश तेवढं ठेवून बाकीच्यांना बाहेर काढलं. जावानं तर २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत आपलंच प्लगइन स्वतःच्या हातानं बंद केलं. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाला.

या सगळ्या तारखा तात्यांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर आहेत. शेजारच्या पानावर घरातल्या श्राद्धांच्या तिथ्या. एक्सपी, ८ एप्रिल २०१४. विंडोज ७, १४ जानेवारी २०२०. ऐन संक्रांतीच्या आसपास गेलं, याचं त्यांना अजून वाईट वाटतं. पण त्यांचा जीव खरा फ्लॅशमध्ये. ॲडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा सांभाळ थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशनं आतूनच चालायला नकार दिला. तारीख पाहून थांबायची ती व्यवस्था त्याच्या आतच करून ठेवलेली होती. तात्यांनी बोटं मोजली. एकतीस धरून बारा तारखेपर्यंत बरोबर तेरा दिवस होतात. ‘‘बघा,’’ ते म्हणाले, ‘‘अमेरिकेत बसून तेराव्याचा हिशेब चुकवला नाही त्यांनी.’’ त्या दिवशी जिजाऊंची जयंती, विवेकानंदांची जयंती आणि तात्यांकडे फ्लॅशचं तेरावं.

तेरावं झालं, पण तात्यांनी दिवा मालवला नाही. आतल्या माणसानं तारीख पाहूनच हट्ट धरलाय ना, मग तारीखच बदलावी, असं म्हणून त्यांनी आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरचं घड्याळ डिसेंबर २०२० मध्ये नेऊन ठेवलं. फ्लॅश परत उठून बसलं. मात्र घड्याळ मागे गेलं की सुरक्षित म्हणवणाऱ्या वेबसाइट बिथरतात. त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही, असं ब्राउझरला वाटतं. त्यामुळे त्या कॉम्प्युटरवर विजेचं बिल भरता येत नाही, रेल्वेचं तिकीट काढता येत नाही. काकू पाहुण्यांना सांगतात, ‘‘बाहेर बसा हो, आतल्या खोलीत अजून लॉकडाउन आहे.’’

हा निव्वळ एका म्हाताऱ्याचा छंद आहे असं कोणी म्हटलं, की तात्या एक हुकमी पान टाकतात. त्याच जानेवारीत दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही फॉर्म फ्लॅशमध्येच अडकून पडले होते. तेव्हा त्या खात्यानं काय करावं? फ्लॅश चालवणारा स्वतःचा ब्राउझरच बनवून लोकांना वाटला. तात्या हे इतक्या अभिमानानं सांगतात, की त्या खात्यात त्यांचा चुलतभाऊ असावा असं वाटतं. मग ते दक्षिण कोरियावर घसरतात. तिथं नव्वदच्या दशकाअखेर स्वतःची गुप्तलेखन पद्धत निघाली, बँकांनी ती ॲक्टिव्हएक्समधून राबवली आणि जगातलं अत्यंत वेगवान इंटरनेट असलेला तो देश पुढं कितीतरी वर्षं एका जुनाट ब्राउझरला बांधलेला राहिला. ‘‘एवढा प्रगत देश,’’ तात्या म्हणतात, आणि पुढचं वाक्य सोडून देतात. ते आपण पूर्ण करायचं असतं.

तात्यांना कृतीत पाहायचं, तर सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या वेळी.

पार्किंगमधल्या एका नव्या कोऱ्या ॲक्टिवावर कोणीतरी ओरखडा मारला. कमिटीची तातडीची सभा भरली. फुटेज बघा, असं ठरलं. सेक्रेटरीबाईंनी मुलाचा विंडोज ११ चा लॅपटॉप आणला, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला वायर जोडली, पत्ता टाकला. नाव आणि पासवर्ड घेऊन पडद्यानं उलट सांगितलं, की प्लगइन टाका. प्लगइन टाकलं. पडदा पुन्हा म्हणाला, प्लगइन टाका. हा संवाद अर्धा तास चालला. मुलगा म्हणाला, ‘‘आई, हे आयई मागतंय. आयई आता नसतं.’’ सेक्रेटरीबाई म्हणाल्या, ‘‘तात्यांना हाक मार.’’

तात्या आले. खुर्ची मागे सरकवली, कारण त्यांना स्क्रीन लांबून दिसते आणि कीबोर्ड जवळून. पहिलं वाक्य: ‘‘आयई नसतं असं कोण म्हणालं? एजच्या पोटात आहे.’’ आणि ते होतंच. एजच्या सेटिंगमध्ये ‘डीफॉल्ट ब्राउझर’ या सदराखाली इंटरनेट एक्सप्लोरर मोडला परवानगी द्यायची, ब्राउझर बंद करून उघडायचा, डीव्हीआरचा पत्ता यादीत घालायचा. पत्त्यापुढं एक लहानसं चिन्ह आलं. ते पाहून तात्यांनी चहा मागवला. मग कंट्रोल पॅनेल, इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, ट्रस्टेड साइट्स. तिथं ‘सर्व साइटना एचटीटीपीएस हवं’ अशी एक खूण असते, ती काढली नाही तर डीव्हीआरचा साधा पत्ता आत घेतच नाहीत. बहुतेक पोरं इथंच अडकतात, असं तात्यांनी त्या मुलाकडे न बघता सांगितलं. पुढं कस्टम लेव्हल. सही नसलेलं ॲक्टिव्हएक्स उतरवू का? हो. धोक्याचं वाटलं तरी चालवू का? हो. प्रत्येक ‘हो’ला विंडोज एक इशारा देई आणि तात्या त्याला ‘‘कळलं, कळलं’’ म्हणत. शेवटी ब्राउझर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला, प्लगइन पुन्हा एकदा टाकलं.

चित्र आलं! डाव्या कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०००, कारण डीव्हीआरचा सेल केव्हाच मेला होता. आणि पडद्याच्या मधोमध, संपूर्ण पार्किंग झाकून टाकेल एवढा मोठा, सावकाश पाय हलवणारा एक कोळी.

कमिटी बराच वेळ कोळ्याकडे बघत राहिली. चेअरमन म्हणाले, ‘‘ॲक्टिवा कुठाय?’’

‘‘प्लगइन चाललं की नाही?’’ तात्यांनी विचारलं.

‘‘चाललं.’’

‘‘मग झालं तर. कोळी हा कमिटीचा विषय आहे.’’

खरं नाट्य यानंतरचं. एजच्या त्या यादीत घातलेला पत्ता तीस दिवसांनी आपोआप गळतो. मोठ्या कंपन्यांत कायमची यादी करायची सोय असते. सोसायटीच्या लॅपटॉपवर ती कोण करणार? त्यामुळे दर महिन्याला कोणाचा तरी डीव्हीआर नाही तर हजेरीचं मशीन पुन्हा मुकं होतं आणि तात्यांची फेरी निघते. केबलवाला येतो, पेपरवाला येतो, तात्या येतात. फरक एवढाच, की तात्या पैसे घेत नाहीत. चहा घेतात, पोहे असले तर नाही म्हणत नाहीत, आणि ‘क्रोम’ या विषयावर तुम्हाला बसवून ऐकवतात. हिशेब केला तर पैसे दिलेले परवडले असते.

त्यांचा एक भाचा हिंजवडीत नोकरीला आहे. दिवाळीला येतो आणि तात्यांना सुधारायचा प्रयत्न करतो. ‘‘मामा, आता प्लगइन लागत नाही. एचटीएमएल फाइव्ह आहे. सगळं ब्राउझरमध्येच होतं.’’

तात्यांनी खिशातून डिजिटल सहीचं डोंगल काढलं. एका कंत्राटदाराचं होतं. त्याला टेंडर भरायचं होतं म्हणून तो तात्यांकडे ठेवून गेला होता. ‘‘तुझ्या एचटीएमएल फाइव्हला म्हणावं, याच्यावरून सही करून दाखव.’’

भाचा म्हणाला, ‘‘त्याला वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागतं. ते मागे चालू राहतं आणि वेबसाइट त्याच्याशी बोलते.’’

‘‘आधी काय होतं?’’

‘‘जावाचं प्लगइन.’’

‘‘ते काय करायचं?’’

‘‘डोंगलशी बोलायचं.’’

‘‘आणि आता हे काय करतं?’’

भाच्यानं चकली उचलली.

माझ्या मते इथं तात्या पूर्ण जिंकतात. प्लगइन पुढच्या दारानं हाकललं आणि ते नाव बदलून मागच्या दारानं आत आलं. पूर्वी ते ब्राउझरच्या पोटात असायचं, आता कॉम्प्युटर सुरू झाल्यापासून शेजारी उभं असतं. त्यालाही आवृत्ती लागते, तेही नव्या विंडोजवर रुसतं, त्यालाही ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ म्हणावं लागतं. टेंडर बंद व्हायला वीस मिनिटं उरलेली असताना ते ‘सेवा सुरू नाही’ असं म्हणतं आणि कंत्राटदार घामाघूम होऊन तात्यांच्या जिन्यात उभा राहतो. पूर्वीही तो तिथंच उभा असायचा.

मराठी वाचायची हौस असलेल्यांना तात्यांचा आणखी एक उपयोग आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी वर्तमानपत्रांच्या वेबसाइट आपापले फॉन्ट वापरायच्या. काहींचा फॉन्ट वाचता वाचताच उतरायचा, तोही बहुतेक इंटरनेट एक्सप्लोररमध्येच. दुसऱ्या ब्राउझरात अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरांचा आणि खुणांचा कचरा दिसे. परदेशातली मराठी माणसं तेव्हा सकाळी आधी फॉन्ट उतरवत आणि मग बातम्या वाचत. एक्सपीवर देवनागरी नीट जुळून दिसायला मूळ सीडी घालून भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे. ती सीडी नेमकी शेजाऱ्यानं नेलेली असे. तात्यांकडे त्या काळात साठवलेले लेख अजून आहेत आणि ते फॉन्टही. न्यू जर्सीच्या एका गृहस्थांनी जुन्या दिवाळी अंकातला स्वतःचाच लेख तात्यांकडून वाचून घेतला. त्यांच्या कॉम्प्युटरवर तो कचराच दिसत होता. तात्यांनी वाचल्यावर फोनवर थोडा वेळ शांतता होती, मग ते म्हणाले, कचराच बरा होता.

आता तात्यांच्या विरुद्धही बोललं पाहिजे. चालवून दाखवण्याच्या भरात हा माणूस घराचे सगळे कडीकोयंडे काढून ठेवतो. अँटीव्हायरस बंद, अपडेट बंद, विंडोज दर वेळी ‘हे करू देऊ का?’ विचारतं तेही बंद. काम झाल्यावर ते परत लावायचं राहून जातं, आणि मग त्याच कॉम्प्युटरवर कोणीतरी फुकट सिनेमा शोधतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभर दाणादाण उडवली, तेव्हा मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी सोडून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा घाईनं दुरुस्ती काढावी लागली होती. म्हणजे जुन्या यंत्रांवर बसलेले तात्या जगात किती असतील, याचा अंदाज करा. या बाबतीत दुकानातल्या त्या पोराचं खरं. त्याला कारण ठाऊक नसतं, एवढंच.

तात्या हे तोंडानं कबूल करत नाहीत. पण त्यांच्या गॅलरीत, लॅमिंग्टन रोडवरून जमवलेल्या भागांचा एक एक्सपीचा डबा आहे. एका जुन्या हजेरी-मशीनचं प्लगइन दुसऱ्या कशावरच चालत नाही म्हणून तो ठेवलाय. त्यातून नेटची वायर काढून घेतलेली आहे. फक्त मशीनची वायर जाते. वर पुठ्ठा चिकटवलाय: ‘यास इंटरनेट जोडू नये. हुकुमावरून.’ एवढं शहाणपण ज्याच्याकडे आहे त्याला मी नावं ठेवणार नाही. जुनं प्लगइन चालवायचंच असेल, तर रीत हीच: यंत्र वेगळं, वायर वेगळी, आणि त्यावर दुसरं काही नाही. जुन्या फ्लॅशच्या खेळांसाठी तर एवढीही खटपट नको. रफल नावाचा फुकट प्रोग्राम त्यातले पुष्कळसे प्लगइनशिवाय चालवतो. हे मी तात्यांना सांगितलं. त्यांनी पाहिलं, त्यावर एक खेळ पूर्ण खेळले, आणि म्हणाले, ‘‘मजा नाही. काहीच करावं लागत नाही.’’

विंडोज १० ची अधिकृत मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तात्यांनी ती तारीख डायरीत लिहिली. एजमधला तो एक्सप्लोरर मोड मात्र निदान २०२९ पर्यंत ठेवू, असं मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलंय. तेव्हा तोपर्यंत तुमच्या सोसायटीची सोय आहे. फक्त तात्यांना बोलावण्याआधी डीव्हीआरचा पासवर्ड शोधून ठेवा. प्लगइन ते कुठूनही चालवतील. पासवर्ड मागच्या सेक्रेटरींनाच माहीत असतो, आणि ते आता विरारला राहायला गेलेत.